अस्थिकलश : गिरणाकाठच्या रांजणापासून चैत्यभूमीपर्यंत

आपल्या वस्तीत एखाद्या घरी दुःखद घटना घडली की धावपळ सुरू होते. पांढरे वस्त्र आणणे, पाहुण्यांना निरोप धाडणे, लाकडांची सोय करणे, बौद्धाचार्यांना बोलावणे ही कामे चार माणसे वाटून घेतात. त्रिशरण-पंचशील होते, अंत्ययात्रा निघते, अग्निसंस्कार पार पडतो. येथपर्यंत कोणाचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो तिसऱ्या दिवशी, राख सावडताना. मडक्यात गोळा केलेल्या या अस्थींचे पुढे काय करायचे? कोणी म्हणतो तापीत सोडू, कोणी म्हणतो चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर नेऊ, कोणी म्हणतो शेताच्या बांधावर पुरून वर झाड लावू. एखादा तरुण विचारतो, "आपण बौद्ध झालो, मग यात बौद्ध पद्धत कोणती?" वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहतात आणि जे पूर्वीपासून चालत आले तेच पुढे चालते.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. मृत माणसाशी समाज कसा वागतो, यावरून तो समाज जिवंत माणसाला काय किंमत देतो ते कळते. म्हणून अस्थी ठेवण्याच्या भांड्याचा, म्हणजे अस्थिकलशाचा इतिहास आपल्या सभासदांनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी समजून घेतला पाहिजे. हा इतिहास कुठे दूरदेशी शोधायला नको. त्याचे पहिले पान आपल्या खान्देशातच सापडते.

मातीचा रांजण

चाळीसगाव तालुक्यात गिरणा नदीच्या काठी बहाळ हे गाव आहे. १९५० ते १९६० या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यातर्फे श्री. म. न. देशपांडे यांनी तेथे उत्खनन केले. लोखंड माहीत नसलेल्या, तांबे व दगडाची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती तेथे मिळाली. नदीच्या पलीकडच्या तीरावर टेकवाडा येथे त्या काळातील दफने सापडली. त्यांत खड्ड्यात केलेले दफन होते, तशीच मोठ्या मडक्यांत केलेली दफनेही होती. आपल्या जिल्ह्यातील अस्थिकुंभाचा हा अतिशय जुना पुरावा होय. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथेही १९५४-५५ च्या सुमारास श्री. बी. के. थापर यांनी उत्खनन करून त्याच प्राचीन काळापासूनची वस्ती उजेडात आणली. म्हणजे तापीखोऱ्यातील माणूस साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेती करीत होता, मडकी घडवीत होता आणि आपल्या मृतांना काही एका विधीने निरोप देत होता.

त्या विधीची सविस्तर माहिती मिळते ती पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या गावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी या संशोधकांचे ते काम आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या कालखंडातील घरे तेथे मिळाली आणि घरांच्या जमिनीखाली दोनशेहून अधिक दफने मिळाली.

लहान मूल दगावले की त्याला दोन मडक्यांत ठेवीत. दोन्ही मडकी आडवी करून तोंडाला तोंड लावीत आणि घराच्या जमिनीत खड्डा करून त्यात ती पुरीत. जवळ लहान वाडगे व तोटीचे भांडे ठेवीत. मोठ्या माणसाला उत्तर-दक्षिण असे उताणे निजवून पुरीत. मात्र त्याचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. असे का करीत असावेत? मृत माणसाने उठून भूत होऊन हिंडू नये, घर सोडून जाऊ नये, ही भीती त्यामागे असावी असे संशोधकांचे अनुमान आहे.

याच इनामगावात एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक वेगळेच भांडे मिळाले. कच्च्या मातीचा, फुगीर पोटाचा आणि चार आखूड पाय असलेला तो मोठा रांजण होता. त्यात सुमारे चाळीस वर्षे वयाच्या पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितीत होता आणि त्याचे पाय तोडलेले नव्हते. हा गावचा प्रमुख असावा असे मानतात. रांजणाचे फुगीर पोट म्हणजे आईचे उदर, जिथून माणूस आला तिथेच त्याला परत ठेवले, असाही अर्थ अभ्यासकांनी लावला आहे.

विद्यार्थ्यांनी येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की, या भांड्यांत राख नव्हती, न जाळलेले शरीर होते. कुंभ आधी दफनासाठी आला आणि दहनातील अस्थींसाठी तो पुढे वापरात आला. दुसरी अशी की, सामान्यांचे पाय तोडायचे आणि प्रमुखाचे मात्र शाबूत ठेवायचे, हा भेद मरणातही होता. मेल्यावर सारे सारखे, असे आपण म्हणतो. पण समाजाने मेलेल्या माणसालाही फार जुन्या काळापासून सारखे वागवलेले नाही.

जाळणे आणि पुरणे

दहनाची चाल केव्हा रूढ झाली याचे एकच उत्तर देता येत नाही. हडप्पा येथील 'एच' नावाच्या स्मशानभूमीत मोरांची चित्रे काढलेले कुंभ मिळाले असून त्यांत अस्थी ठेवलेल्या होत्या. तमिळनाडूतील आदिच्चनल्लूर येथे भल्यामोठ्या रांजणांतील दफने आहेत. आपल्या विदर्भात नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड या ठिकाणी मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. ती लोहयुगातील माणसांची दफनस्थाने आहेत. ऋग्वेदात अग्नीने दग्ध झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे पितर सांगितले आहेत. म्हणजे त्या लोकांतही दोन्ही चाली नांदत होत्या.

आश्वलायन गृह्यसूत्रात दहनानंतर अस्थी कशा गोळा कराव्यात ते सांगितले आहे. पुरुषाच्या अस्थी कुंभात आणि स्त्रीच्या अस्थी कुंभीत ठेवून खड्ड्यात पुराव्यात, असा तो विधी आहे. येथे नदीचे नाव नाही. अस्थी गंगेत किंवा तीर्थात सोडण्याचे माहात्म्य पुढे पुराणकाळात वाढले. भारतरत्न म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या सर्व विधींची साधार चर्चा आहे. आज जे फार प्राचीन म्हणून सांगितले जाते ते त्याच धर्माच्या जुन्या ग्रंथांत वेगळे होते, एवढे यावरून ध्यानात घ्यावे. शिवाय एकाच गावात लहान मुलाला व संन्याशाला पुरतात आणि इतरांना जाळतात. लिंगायत बांधव दफन करतात. मुसलमान व ख्रिस्ती दफन करतात. पारशी बांधवांचे दखमे असतात. प्रथा माणसाने घातलेल्या असतात आणि परिस्थितीप्रमाणे त्या बदलतात.

शतपथ ब्राह्मणातील एक उल्लेख आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. देवांचे अनुयायी मृतांसाठी चौकोनी स्थान करतात आणि पूर्वेकडील असुर लोक गोल करतात, असे त्यात म्हटले आहे. पूर्वेकडील लोकांच्या या गोल ढिगाऱ्यांशी स्तूपाच्या आकाराचे नाते अनेक विद्वानांनी जोडले आहे. ज्यांना असुर म्हणून हिणवले त्यांच्याच ढिगाऱ्याचा आकार पुढे सांचीपासून जपानपर्यंत पूजनीय ठरला.

बुद्धांचा अंत्यसंस्कार

भगवान बुद्धांच्या काळी प्रेते जाळीत, तशीच ती उघड्या स्मशानातही टाकीत. अशा स्मशानाला पालीत 'सीवथिका' म्हणतात. सतिपट्ठान सुत्तात भिक्षूंना प्रेताच्या नऊ अवस्था न्याहाळून अनित्यतेचे ध्यान करण्यास सांगितले आहे. मृतदेहाला अपवित्र मानून पळून जाण्यापेक्षा त्याच्याकडे पाहून शिकणे, ही भगवंतांची शिकवण होती. मोहरीचे दाणे मागत दारोदार फिरलेली किसा गोतमी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेच.

तथागतांच्या अंत्यसंस्काराचे वर्णन दीघ निकायातील महापरिनिब्बान सुत्तात आहे. कुसिनारा येथे जोड शालवृक्षांच्या मध्ये पहुडलेल्या तथागतांना आनंदाने विचारले की आपल्या देहाचे आम्ही काय करावे? भगवंतांचे उत्तर ध्यानात घेण्यासारखे आहे. देहपूजेच्या काळजीत तुम्ही पडू नका, स्वतःच्या कल्याणासाठी झटा, असे त्यांनी प्रथम सांगितले. त्यानंतर, चक्रवर्ती राजाच्या देहाप्रमाणे वस्त्रांत गुंडाळून, तेलाच्या लोखंडी द्रोणीत ठेवून, सुगंधी काष्ठांच्या चितेवर दहन करावे आणि चार रस्ते मिळतात तेथे स्तूप उभारावा, अशी रीत सांगितली. स्तूपाला योग्य असे चौघे त्यांनी सांगितले : सम्यक संबुद्ध, प्रत्येकबुद्ध, तथागतांचा श्रावक आणि चक्रवर्ती राजा. स्तूप पाहून लोकांचे चित्त प्रसन्न व्हावे, हा त्यामागचा हेतू.

कुसिनाराच्या मल्लांनी सहा दिवस देहाचा सन्मान केला आणि सातव्या दिवशी मकुटबंधन चैत्याजवळ अग्निसंस्कार झाला. महाकाश्यप येईपर्यंत चिता पेटली नाही, अशी परंपरा आहे. अग्नी शांत झाल्यावर अस्थी उरल्या. मग त्यांच्यावरून तंटा उभा राहिला. मगधाचा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य, अल्लकप्पाचे बुली, रामग्रामाचे कोलीय, वेठदीपाचा ब्राह्मण, पावा येथील मल्ल आणि कुसिनाराचे मल्ल असे आठ जण हक्क सांगू लागले. क्षमेची शिकवण देणाऱ्या महापुरुषाच्या अस्थींसाठी लढाई करणे शोभत नाही, अशी समजूत घालून द्रोण नावाच्या ब्राह्मणाने आठ समान वाटे केले. त्याने स्वतःसाठी मागितले ते फक्त वाटणीचे भांडे. उशिरा आलेल्या पिप्पलीवनाच्या मोरियांना कोळसे व रक्षा मिळाली. असे आठ अस्थींचे, एक भांड्याचा आणि एक रक्षेचा मिळून दहा स्तूप झाले.

या प्रसंगात मातीच्या मडक्याला नवा अर्थ आला. इनामगावचा रांजण घराच्या जमिनीखाली होता आणि त्याच्याभोवती भीती होती. स्तूपातील कलश चव्हाट्यावर आला. तो कोणा एका घरचा न राहता सर्वांचा झाला आणि भीतीची जागा स्मरणाने घेतली.

काही शब्द

येथे चार शब्दांचे अर्थ पाहू. पालीत अस्थींना 'धातु' म्हणतात. ज्या पेटीत वा कुपीत त्या ठेवतात ती धातुकरंडक. ज्या वास्तूच्या पोटात धातू आहेत ती धातुगर्भ. त्यावरूनच सिंहली 'दागबा' आणि आपल्याकडील 'दागोबा' हे शब्द आले. 'चैत्य' हा शब्द 'चिता' या शब्दाशी जोडतात. आपण 'चैत्यभूमी' म्हणतो तेव्हा याच परंपरेतला शब्द उच्चारीत असतो. बौद्ध परंपरेत पूजनीय स्मृतिचिन्हांचे तीन प्रकार मानतात : शरीराचे अवशेष म्हणजे शारीरिक, वापरलेल्या वस्तू, जसे भिक्षापात्र व चीवर, त्या पारिभोगिक आणि स्मरणार्थ घडविलेल्या मूर्ती इत्यादी उद्देशिक.

सोपाऱ्याचा बाहिय

स्तूप हा केवळ बुद्धांचा आणि राजांचा, असे कोणी म्हणेल. त्याला उदान या ग्रंथातील बाहिय दारुचीरियाची कथा उत्तर देते. हा बाहिय आपल्या महाराष्ट्रातला, समुद्रकाठच्या सुप्पारक म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात राहणारा. झाडाच्या सालीचे वस्त्र नेसणारा तो साधक सत्य जाणून घेण्यासाठी थेट श्रावस्तीपर्यंत गेला. भगवान भिक्षाटनास निघालेले असताना त्याने रस्त्यातच उपदेशाची विनंती केली. तीन वेळा विनवल्यावर थोडक्या शब्दांत उपदेश झाला आणि त्याला मुक्ती लाभली. थोड्याच वेळात वासरू असलेल्या गायीने मारल्याने त्याचा मृत्यू झाला. त्याला भिक्षूची दीक्षाही मिळालेली नव्हती. तरी भगवंतांनी भिक्षूंना सांगितले की तुमचा हा सहचारी गेला आहे, याला खाटेवर घेऊन चला, दहन करा आणि याचा स्तूप बांधा. जन्म, कूळ, पद काही न पाहता केवळ योग्यता पाहून मृताचा मान ठरविण्याचे हे उदाहरण आहे.

महाराष्ट्रातील धातुकरंडक

त्याच सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचा ढिगारा खणला. आत दगडी पेटी मिळाली. पेटीत तांब्याचा करंडक होता आणि त्याच्या पोटात चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा व सोन्याचा असे एकात एक बसविलेले करंडक होते. सर्वांत आतल्या करंडकात मातीच्या पात्राचे तुकडे होते. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानून तेथे ठेवलेले असावेत. सभोवार बुद्धांच्या आठ लहान मूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोन्याच्या डबीत मातीची खापरी जपून ठेवणारी ही दृष्टी विचार करण्याजोगी आहे. सोन्यापेक्षा त्या खापरीला मोल होते, कारण ती भिक्षा मागून जगलेल्या माणसाची होती.

कान्हेरी येथे १८३९ मध्ये डॉ. जेम्स बर्ड याने चैत्यगृहासमोरचा स्तूप उघडला. त्यात रक्षा असलेली तांब्याची दोन पात्रे, मौल्यवान वस्तू आणि एक ताम्रपट मिळाला. ताम्रपटावर त्रैकूटक संवताचे २४५ वे वर्ष असून ते इसवी सन ४९४-९५ येते. कान्हेरीतच एका लांब कपारीत विटांच्या अनेक लहान स्तूपांचे अवशेष आहेत. ती भिक्षूंची स्मृतिस्थाने होत. भाजे येथे दगडात कोरलेल्या १४ स्तूपांचा समूह आहे. पाच आत, नऊ बाहेर. काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. राजांचे वाडे गेले, पण त्या भिक्षूंची नावे आजही वाचता येतात.

आपल्या शेजारचे उदाहरण पितळखोऱ्याचे. चाळीसगावच्या दक्षिणेस, सातमाळ्याच्या डोंगरात ही लेणी आहेत. बहाळचे उत्खनन करणाऱ्या श्री. देशपांडे यांनीच १९५७-५८ च्या सुमारास येथील दरडीचा ढिगारा दूर करविला, तेव्हा चैत्यगृहातील स्तूपात स्फटिकाचे धातुकरंडक मिळाले. म्हणजे एकाच संशोधकाच्या कामातून आपल्या परिसरातील मातीचा कुंभ आणि स्फटिकाचा करंडक दोन्ही प्रकाशात आले. आपली मुले अजिंठ्याला सहलीला जातात. त्यांना एकदा पितळखोराही दाखवावा.

महाराष्ट्राबाहेरील दोन-तीन शोधही माहीत हवेत. सांचीच्या तिसऱ्या स्तूपात १८५१ साली कनिंगहॅम व मेझी यांना सारिपुत्त आणि मोग्गल्लान या अग्रश्रावकांच्या अस्थी मिळाल्या. त्या इंग्लंडला गेल्या आणि स्वातंत्र्यानंतर भारतात परत येऊन १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात विधिपूर्वक ठेवल्या गेल्या. वैशाली येथील मातीच्या जुन्या स्तूपातील करंडक १९५८ साली आपल्या महाराष्ट्राचे सुपुत्र डॉ. अ. स. आळतेकर यांनी शोधला. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे १८९८ मध्ये विल्यम पेपे या जमीनदाराने स्तूप खणला. दगडी पेटीतील एका करंडकावर शाक्यांचा उल्लेख असलेला लेख होता. अस्थी सयामच्या राजाला दिल्या गेल्या. रत्नांचा काही भाग मात्र पेपे कुटुंबाकडे राहिला. १९७१ नंतर के. एम. श्रीवास्तव यांनी तेथेच अधिक खोल खणून आणखी जुने करंडक बाहेर काढले. पेपे कुटुंबाकडील रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघणार होती. भारत सरकारने हरकत घेतल्यावर लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परत आली. अस्थींबरोबर श्रद्धेने ठेवलेल्या वस्तूंचा बाजार मांडावा काय, हा प्रश्न त्यामुळे जगापुढे आला.

इतर देशांत

दहनाची प्रथा केवळ भारताची नाही. युरोपात इसवी सनापूर्वी सुमारे १३०० ते ७५० या काळात अस्थी मातीच्या कुंभांत घालून शेकडो कुंभ एकाच शेतात पुरीत. त्यावरून त्या संस्कृतीचे नावच 'कुंभक्षेत्र संस्कृती' पडले. रोमन लोक भिंतीतील कोनाड्यांत अस्थिपात्रे ठेवीत. ख्रिस्ती धर्म पसरल्यावर तेथे दहन मागे पडले. आधुनिक दहनभट्टी १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात ब्रुनेट्टी याने मांडली, इंग्लंडमध्ये १८७४ साली दहनाचा पुरस्कार करणारी संस्था निघाली आणि १८८५ साली वोकिंग येथे पहिले आधुनिक दहन झाले. रोमन कॅथॉलिक पंथाने दहनावरील बंदी १९६३ साली उठविली. जपानात इसवी सन ७०० मध्ये दोशो या बौद्ध भिक्षूचे दहन झाले, ही तेथील पहिली नोंद मानतात. आज तेथे जवळजवळ सर्वांचे दहनच होते आणि कुटुंबातील माणसे चिमट्यासारख्या काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवतात.

आपले मर्तिक आणि गावगाडा

आता जवळच्या इतिहासाकडे येऊ. गावगाड्यात मर्तिकाची कामे आपल्या वाडवडिलांच्या माथी होती. मरणाची वर्दी पायी चालत परगावी पोहोचविणे, स्मशानात लाकडे वाहणे, मेलेली जनावरे ओढणे ही वतनाची कामे. त्याचा मोबदला म्हणजे प्रेतावरचे वस्त्र आणि मागून मिळणारी भाकर. ज्याने इतरांच्या चितेची लाकडे वाहिली, त्याच्या स्वतःच्या चितेला लाकूड विकत घेण्याची ऐपत नसे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी आपल्यात दफनाचीच चाल होती. स्मशानही निराळे, गावाच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात ओढा ओलांडून प्रेत न्यावे लागे. मरणातली ही विषमता इनामगावच्या तोडलेल्या पायांपेक्षा कमी क्रूर नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते या गुलामीचे मूळ तोडण्यासाठी. ३१ जुलै १९३७ रोजी ते धुळ्यास आले होते. लळिंगच्या बंगल्याची ती आठवण खान्देशातील बांधव आजही दरवर्षी जागवितात. गावकीच्या अपमानास्पद कामांना नकार देण्याचा संदेश गावोगाव पोहोचला आणि वर्दी नेणारे पाय थांबले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. प्रेतावरचे वस्त्र न घेणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी बहिष्कार सोसला आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. दोन महिने व्हायच्या आतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अग्निसंस्कार झाला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तेथेच लाखावर लोकांना धम्मदीक्षा दिली. चितेच्या साक्षीने झालेली अशी दीक्षा जगाच्या इतिहासात विरळाच. त्या जागी चैत्यभूमीचा स्तूप उभा राहिला. त्याचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. नागपूरच्या दीक्षाभूमीवरही बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. त्या स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. कुसिनाराच्या आठ वाट्यांची परंपरा अडीच हजार वर्षांनी अशी पुन्हा जागी झाली. फरक एवढाच की या वेळी अस्थींसाठी राजे भांडले नाहीत. कष्टकरी माणसांनी पैसा-पैसा जमवून त्यांचा सन्मान केला.

मग आपण काय करावे?

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. लाकडाच्या चितेला साधारणपणे ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. विद्युत किंवा गॅसदाहिनीत ८०० ते १००० अंश सेल्सिअस उष्णता असते. शरीरातील पाणी व मांस जळून जाते आणि हाडांतील खनिज, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, तेवढे उरते. प्रौढ माणसाच्या या अवशेषांचे वजन दोन ते तीन किलो भरते. त्यांत कोणताही आत्मा अडकलेला नसतो. ते नदीत सोडल्याने मृताला काही मिळत नाही आणि न सोडल्याने त्याचे काही अडत नाही. नदीचे पाणी मात्र गढूळ होते आणि तेच पाणी खालच्या गावची माणसे पितात.

यावरून अस्थींच्या बाबतीत काही साधे नियम निघतात. अस्थी स्वच्छ मडक्यात गोळा करून आपल्या जमिनीत किंवा परवानगी असलेल्या जागी पुराव्यात. झाड लावायचे तर राख एका जागी ढीग करून ओतू नये. ती क्षारयुक्त असते, रोप जळते. भरपूर मातीत मिसळून घालावी. पंडित नेहरूंनी आपली रक्षा शेतकऱ्यांच्या शेतांवर विखरावी असे मृत्युपत्रात लिहून ठेवले होते आणि १९६४ साली तसे करण्यात आले, हे उदाहरण सांगता येईल. प्रत्येक घराने सिमेंटची समाधी बांधण्याची गरज नाही. कर्ज काढून तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट जलदान व पुण्यानुमोदनाची. खुद्दकपाठातील तिरोकुड्ड सुत्तावर या विधीचा आधार आहे. उंचावर पडलेले पाणी जसे सखल भागाकडे वाहत जाते तसे दिलेल्या दानाचे पुण्य दिवंगतांपर्यंत पोहोचते, अशी उपमा त्या सुत्तात आहे. म्हणून दान देताना भांड्यातून पाणी ओततात; श्रीलंकेतही ही चाल आहे. त्यातले मुख्य अंग दान हे आहे. कावळ्याची वाट पाहणे, दहावे-तेरावे, गोडाचे जेवण, आहेराचे टॉवेल-टोप्या हे सारे जलदानाच्या नावाखाली मागच्या दाराने परत येत असेल तर आपण नाव तेवढे बदलले, रीत नाही. मर्तिकाच्या जेवणावळीसाठी उसने काढून ते वर्षभर फेडणारी कुटुंबे आपल्या आजूबाजूला आहेत. त्या पैशात एखाद्या विद्यार्थ्याची वर्षाची पुस्तके येतात. विहारातील वाचनालयाला, वसतिगृहाला किंवा गरजू विद्यार्थ्याला दिवंगताच्या नावे दान द्यावे. हेच खरे पुण्यानुमोदन.

तिसरी गोष्ट स्त्रियांची. आई, पत्नी, लेक यांनी अंत्ययात्रेत चालावे, अग्नी द्यावा, यास धम्मात कोणतीही आडकाठी नाही. पुष्कळ गावी आपल्या भगिनी स्मशानात जातात. जेथे जात नाहीत तेथे त्यांना सन्मानाने बोलवावे.

चौथी गोष्ट देहदान व नेत्रदानाची. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान होऊ शकते. जळगाव व धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असून भावी डॉक्टरांच्या अभ्यासासाठी तेथे देहाची गरज असते. ज्यांची तशी इच्छा असेल त्यांनी जिवंतपणीच घरच्यांना सांगून कागदपत्रे करून ठेवावीत. दान पारमितेचा याहून मोठा प्रत्यय कोणता?

पाचवी गोष्ट नोंदीची. कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करावी. विधवेचे निवृत्तिवेतन, वारसनोंद, विमा यांसाठी तो कागद लागतो. आपल्या कित्येक पूर्वजांची जन्माची नोंद नाही आणि मरणाचीही नाही. भाज्याच्या भिक्षूंची नावे दोन हजार वर्षे टिकली, कारण कोणीतरी ती कोरून ठेवली. आपल्या संस्थेने दिवंगत सभासदांची एक वही ठेवावी : नाव, गाव, जन्म, मृत्यू आणि त्या माणसाने आयुष्यात काय केले याच्या चार ओळी. दीक्षेच्या वेळी नागपूरला गेलेले, वर्दीचे काम नाकारणारे, विहारासाठी विटा वाहणारे, मुलगी शिकावी म्हणून दागिना मोडणारी आई, या सर्वांचा उल्लेख त्यात यावा. असोद्याच्या मातीत १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांचे बोल दुसऱ्यांनी उतरवून घेतले म्हणून ते आज शिल्लक आहेत. आपल्या आयाबायांचे बोल कोण उतरवून घेणार? हे काम विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे.

मातीचे मडके, स्फटिकाची कुपी, सोन्याची डबी यांपैकी कशात अस्थी ठेवल्या यावरून माणसाचे मोठेपण ठरत नाही. देहपूजेच्या काळजीत न पडता स्वतःच्या व बहुजनांच्या कल्याणासाठी झटावे, हेच तथागतांनी आनंदाला सांगितले होते. आपल्या प्रत्येक घरातील अंत्यसंस्कार या कसोटीला उतरावा, एवढीच अपेक्षा.

नमो बुद्धाय ! जय भीम !